भरड

"आधी हात लावा, मग बोला," असं म्हणत ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे. बोटांत काही नसलं तरी घासायचे. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आणि त्याचा तुम्हाला वैताग येत असेल. मला यायचा.

हैदराबादच्या जमीन-मोजणीच्या कचेरीत ते मराठी तर्जुमे तपासायचे. राहायला सुलतान बाजारात, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी. मराठवाड्यातलं एकही शेत कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण टेबलाच्या खणात गावोगावहून आलेल्या मातीच्या नमुन्यांच्या पुड्या होत्या, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं आणि मराठवाड्याची उर्दू दप्तरं मराठीत उतरवून औरंगाबादला धाडायचा हुकूम आला. उर्दूत जिथे 'खुरदरी' जमीन होती तिथे मी 'हलकी' लिहीत सुटलो. माझं अक्षर मोत्यासारखं, साहेबसुद्धा कौतुक करत. त्यावर या गृहस्थांनी तांबड्या शाईने काट मारून वर लिहिलं, 'भरड'. माझं डोकंच फिरलं.

"हलकीनं काय बिघडलं हो?"

"हलकी म्हणजे तू तिची किंमत ठरवलीस. हाताला काय लागतं ते सांग की." त्यांनी पुडी सोडून माझ्या तळहातावर माती ओतली. थोडी माझ्या उघड्या डब्यातही पडली. "रवाळ नाही, त्याहून जाड. कण बोचतात. ही भरड."

दुसऱ्या दिवशी ते वाटली डाळ घेऊन आले. "खा. ही गंधासारखी वाटली असती तर पुन्हा मागितली असतीस?" मी तिसऱ्यांदा मागितली, पण कबूल काही केलं नाही.

हेडक्लार्क कावले. "पंडितजी, हलकी लिख दो, किस्सा खतम करो. शनिवार को वॅगन जाती."

"नक्को साहेब. तिथला नवा माणूस एवढंच वाचणार. हलकी वाचलं की तो शेत बघायलासुद्धा जायचा नाही."

जेवणाची सुट्टी सोडून ते पानं तपासत बसले. शनिवारी स्टेशनावर गठ्ठे चढले तेव्हा एकच तपासायचा राहिला होता, तोही माझ्या हातचा. मी दप्तरांबरोबर औरंगाबादला निघालो होतो. त्यांची नोकरी वर्षभरच उरली होती, ते मागे राहिले. "तेवढा एक तू कर रे," म्हणाले आणि गाडीच्या खिडकीतून मातीची एक पुडी माझ्या हातात दिली. मी हौ-हौ म्हटलं.

नवी कचेरी, नवे साहेब, गठ्ठा तसाच पडून. खोटं कशाला सांगू, आळस केला. वर्षाने त्यांचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती, "शेवटचा गठ्ठा झाला का?" मी उलट टपाली लिहिलं, "झाला."

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. वडील गेले. आजारपणात माझं कार्ड त्यांनी दोनदा वाचून घेतलं होतं, आणि "पोरगा शहाणा निघाला" म्हणाले होते.

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी उठून गठ्ठा सोडला. पुडी उघडली, चिमूटभर माती अंगठा-तर्जनीत घासली. कण बोचले. मग तांबडी शाई मागवली आणि माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरावर पहिली काट मारली.