सलोनीची घोटापकड

रत्नागिरीत मुलींच्या कबड्डीचा विषय निघाला की उमाबाईंचं नाव निघायचं. शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि संध्याकाळी मैदानावर संघ घडवायच्या. शिस्त अशी कडक की बाईंची स्कूटर फाटकात शिरली की मुली आपोआप रांगेत उभ्या राहत.

घोटापकड हा त्यांचा हातखंडा विषय. एक मुलगी पाय पुढे टाकून उभी राही, समोरची बाईंच्या आकड्यावर खाली झेपावून तिचा घोटा धरी. ‘एक’ला गुडघा वाकलाच पाहिजे, ‘दोन’ला हात बसलेच पाहिजेत. महिना-दोन महिन्यांत अख्खी ओळ एकसारखी झेपावू लागे. बघायला आलेले पालक हरखून जात.

मिरकरवाड्याची सलोनी तेवढी त्या ओळीत बसत नसे. तिची आई जेटीवर मासळी विकायची. डाव्या कोपऱ्यात उभी राहणारी ही शिडशिडीत पोर ‘एक’ झालं तरी हलत नसे, समोरच्या पायाकडे टक लावून बसे. बाई चिडत. सगळ्यांपुढे तिला पुन्हा पुन्हा तेच करायला लावत.

एका रविवारी बाई भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेल्या होत्या. तिथे त्यांच्याच मुली ओल्या वाळूत रेघ मारून आपल्या आपण खेळत होत्या. आकडे नाहीत, शिट्टी नाही, नुसता कालवा. त्यात सलोनी मांजरासारखी दबा धरून होती. चढाईवर आलेली मुलगी हूल देई, पाय मागे घेई, ही ढिम्म. मग त्या मुलीचा भार पायावर पुरता पडला की हिने घोटा धरलाच म्हणून समजा. बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बजावलं, वाळूतलं खेळणं बंद, त्यानं सवय बिघडते.

सलोनीनं ऐकलं. पावसाळा सरेपर्यंत ती ओळीत सगळ्यांत नेमकी झेपावू लागली. बाईंनी तिची पाठ थोपटली.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गाठ गुहागरशी पडली. गुण बरोबरीत होते. शेवटच्या चढाईला त्यांची वैदेही आली, उंच आणि हुशार मुलगी. डाव्या कोपऱ्याकडे तिनं पाय टाकला, पण भार टाकला नाही. सलोनी झेपावली. सरावात झेपावायची तशीच, सुरेख. हाताला नुसती माती लागली. तिच्या पाठीवर टपली मारून वैदेही मध्यरेषेपार गेलीसुद्धा.

त्यानंतर सलोनी सरावाला आलीच नाही. पोर मनाला लावून घेते, असं बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. पण पुढच्या वर्षीचा संघही सरावात देखणा आणि सामन्यात गोंधळलेला निघाला. त्याच्या पुढचाही. तेव्हा कुठे त्यांना तो भाट्याचा रविवार आठवू लागला. आपल्या मुलींना उभा पाय धरता येतो, पळता नाही, हे कबूल करायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी आकडे सोडले. समोर खरी चढाई, हूल, ओरडा, थकलेले पाय, असा सराव सुरू केला. ओळ मोडली, पण पालीच्या स्पर्धेत संघ जिंकला. सत्काराचा नारळ हातात घेताना त्यांना भरून आलं, ते आनंदानं नव्हे.

त्याच आठवड्यात त्या मिरकरवाड्याला गेल्या. सलोनी आता आईच्या जागी बसत होती. तिनं हात धुतले, स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मुलींना कोपरा शिकवायला येशील का, असं बाईंनी विचारलं. ती हसली. लिलाव नेमका संध्याकाळीच असतो, म्हणाली.

बाईंना राहवलं नाही. त्यांनी त्या चढाईचं विचारलं.

“पाय खोटा आहे, ते मला दिसलं होतं बाई,” सलोनी म्हणाली. “पण तुमचं ‘एक’ कानात वाजलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. बाईंनी तिचा हात धरला आणि चुकलं माझं, एवढंच म्हणाल्या. सलोनीनं मान हलवली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तिनं हात सोडवून घेतला आणि सुरमई उचलून दाखवू लागली. बाई थोडा वेळ बसल्या, चहा संपवला आणि निघाल्या. सलोनी पुढे कधी मैदानावर आली नाही.