वाढल्या का फोडल्या?

हात हातात घेतला की ती आधी अंगठा आत दुमडायची, तळव्याची हाडं दाबून जवळ आणायची, आणि मग मनगटाकडं बघत हळूच विचारायची, "वाढल्या का फोडल्या?"

आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बांगडी वाढली म्हणायचं. धुणं आपटताना वाढली, दळताना वाढली. शब्द मोठा सोयीचा आहे. त्याच्याआड काय काय दडवता येतं हे बांगड्या भरणारीला कळतं, कारण मनगट तिच्यापुढं असतं आणि मनगटाला बोलता येत नसलं तरी लपताही येत नाही.

ती कळंबच्या मणेर गल्लीतली, बांगडीवाल्यांच्या. दर बुधवारी आमच्या गावी यायची. उंच, हडकुळी, दात मिश्रीनं काळे, डोक्यावरच्या टोपलीत दोरीला ओवलेले चुडे आणि त्यावर ओला फडका. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. गावातल्या सगळ्या बायका तिला मामी म्हणायच्या. मामी ओसरीवर टेकली की एकेक जण हात पुढं करून बसायची आणि मामी चुडा चढवता चढवता मान खाली घालायची. ती मान खाली घालणं म्हणजे, आता विचार.

बांगडी घट्ट असली की हात दुखतो. तेव्हा तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याचं कारण कुणी विचारत नाही. त्या आडोशाला बायका मनातलं विचारून घ्यायच्या. बाळंतपणानंतर शिंक आली की लुगडं ओलं होतं, सगळ्यांचंच होतं का? ओठावर लव येते ती उपटली तर दाट येते का? सासऱ्याला वाढताना वारा सरला, आता काय करू?

"काय करशील? कढी वाढ," मामी म्हणायची.

औषध-उपाय तिला फारसे येत नव्हते. ती सांगायची ते पुष्कळदा चुकीचंच असायचं. लव जावी म्हणून तिनं सांगितलेल्या लेपानं शेजारच्या काशीचा ओठ पंधरवडाभर सुजला होता. तरी बायका तिलाच विचारायच्या, कारण तिचं एक ठरलेलं उत्तर असायचं. "ह्ये काय नवं न्हाई गे. तुझ्याआधी चौघींनी इचारलं." त्या चौघी कोण, कुठल्या गावच्या, हे ती कधी सांगायची नाही. पण आपल्यासारख्या आणखी चौघी आहेत म्हटलं की निम्मं दुखणं जायचं.

मास्तरीणबाईंनी एकदा मूठ घट्ट आवळून विचारलं, "आमच्या ओळखीच्या एका बाईचा प्रश्न आहे हो, मामी."

मामी म्हणाली, "त्या बाईला म्हणावं, आधी मूठ सोड."

आम्ही हसलो. मास्तरीणबाईसुद्धा हसल्या.

मीही विचारलं होतं. लग्नाला वर्ष होत होतं. नवऱ्यानं आदल्या दिवशी पितळी तांब्या फेकून मारला होता, तो कोपरावर लागला होता. मी विचारलं, "मामी, सगळ्यांचेच नवरे मारतात का हो?"

मला वाटलं ती म्हणेल, चौघींनी विचारलं. तिनं चुडा चढवला, वर बघितलं आणि म्हणाली, "ह्ये इचारणाऱ्या मोजायचं म्या सोडलं बाई."

आम्हा सगळ्यांना तिला एक विचारायचं होतं, ते मात्र कुणी विचारलं नाही. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी तिचा नवरा घरातून गेला तो परतला नव्हता. ना खबर, ना मय्यत. तिच्या हातात तरी दोन काळ्या बांगड्या होत्या. कधीतरी आमची नजर तिकडं गेली की ती आपणच म्हणायची, "मला कुणी सांगितलंच न्हाई, तर कशा काढू?" आणि पुढचा हात ओढायची.

निजाम गेला, हैदराबाद मोडलं, आमचा मुलूख मुंबईला जोडला गेला. आमच्या घरातलं राज्य तेवढं बदललं नाही. सासूबाई सांगायच्या आणि त्यांचे दोघं मुलगे मारायचे. माझा नवरा हातानं मारायचा. धाकटा दीर बैलाच्या कासऱ्यानं. मार झाला की अंगणात काचा पडायच्या. हिरव्या काचा उन्हात लांबून चमकतात, म्हणून त्या लगेच वेचायच्या आणि उकिरड्यात खोल पुरायच्या. ते काम माझ्याकडं होतं. मी नीट करायचे.

धाकटी जाऊ आली तेव्हा मला दोन मुलं झाली होती. ती आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची. सतरा-अठराची असेल. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी हसू बाहेर सांडायचं. मला अक्का म्हणायची. खरं सांगायचं तर ती आली तशी माझी पाठ वाचली. भाकरी करपली तर धाकटीनं, दूध उतू गेलं तर धाकटीनं. तिला ओरडताना ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटायचं आणि वाईट त्याच्यानंतर. हा क्रम मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

तिच्या बांगड्या दर बुधवारी भराव्या लागायच्या. सासूबाई म्हणाल्या, "हिला धुणं आपटायचं वळण न्हाई. वाढत्यात."

मामी म्हणाली, "धुनं तर थोरलीबी धुती की. तिचा चुडा दिवाळीपासून तसाच हाय."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खलबत्त्यात मिरच्या कुटत होते. कुटत राहिले.

त्याच वेळी, सासूबाई बांगड्यांच्या बदल्यात द्यायची ज्वारी काढायला आत गेल्या तेवढ्यात, धाकटीनं मामीला विचारलं. मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं. तोवर मी मामीपुढं कितीतरी लाजेचे प्रश्न ऐकले होते. हा अगदी साधा होता. कुणीही, कुठंही, मोठ्यानं विचारावा असा.

"मामी, वाशीची गाडी कळंबात कुठं थांबते?"

मामीचा हात थांबला. मग ती खाली मान घालूनच म्हणाली, "यष्टीच्या ठेशनातल्या लिंबाखाली. बाजारच्या दिशी दुपारी लागती. म्या आसते तिथं. ये."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्याचा अर्थ, कुणाला सांगणार नाही, असा होता.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून तुपाचं गाडगं फुटलं. सासूबाईंनी चुलीतलं जळकं लाकूड उपसलं. त्याचं टोक लाल होतं. ते माझ्या मांडीजवळ आलं आणि मी ओरडले, "मला काय मारता आत्याबाई? धाकटी वाशीची गाडी विचारतीय, तिला विचारा!"

लाकूड परत चुलीत गेलं.

दीर मळ्यातून आला. त्यानं आधी कासरा घेतला. मग कासरा टाकला आणि तिचा उजवा हात उंबऱ्यावर धरून वर पाय दिला. आवाज कसा झाला ते मी लिहीत नाही. ओली फांदी मोडताना होतो तसा नव्हता, एवढंच. ती "अक्का" म्हणून ओरडली. आई म्हणून नाही, देव म्हणून नाही. माझा नवरा ओसरीवर पान लावत होता. तो म्हणाला, "पुरे आता, शेजारी ऐकत्यात."

नंतर मी काचा वेचल्या.

बाजारच्या दिवशी मामी लिंबाखाली उभी राहिली असणार. बुधवारी ती आली, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "धाकटीला बोलवा."

"ताप आलाय तिला," सासूबाई म्हणाल्या.

"हात तेवढा दाखवा. ताप मनगटाला न्हाई येत."

"तुला काय करायचंय गं?"

मामीनं आवाज चढवला. तिला मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "वाढल्या का फोडल्या, येवढंच इचारते. कुणीतरी बोला की गे!"

दीर गोठ्यातून आला तो धावतच. लाथेनं टोपली उडवली. चुड्यांची माळ अंगणभर पसरली, त्यावर तो नाचल्यासारखा पाय देत सुटला. मग पायातली वहाण काढून त्यानं मामीच्या तोंडावर मारली. एकदा, परत, परत. "घरं फोडती व्हय? पुन्हा गावात दिसलीस तर तंगडी मोडीन."

मामीचा ओठ फाटला. ती वेशीपर्यंत चालत गेली आणि तो मागून ढेकळं मारत गेला. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. प्रत्येकीनं कधी ना कधी तिच्या हातात हात दिलेला होता. काशी होती, मास्तरीणबाई होत्या. एकेक दार लागत गेलं. तुम्ही विचार करा, त्या बाईला गावातल्या प्रत्येक घराचं आतलं ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर वेस येईपर्यंत निम्मं गाव उघडं पडलं असतं. ती रक्त थुंकत गेली, पण एक शब्द बोलली नाही.

तिच्या टोपलीतल्या काचा वेचायला मला संध्याकाळ झाली.

धाकटी वैशाखात गेली. माळवदाच्या जिन्यावरून पडली, असं गावात सांगितलं. ती पडली नाही. दिरानं तिचे केस धरून डोकं जात्यावर आपटलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पहिल्या आवाजाला मी थांबले. दुसऱ्या आवाजानंतर परत थापायला लागले, कारण तवा तापला होता. ही गोष्टही मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

सवाष्ण गेली म्हणजे हिरवा चुडा भरून न्यावी लागते. रीत ती रीत. पण तिचं उजवं मनगट वाकडंच सांधलं होतं. सासूबाईंनी प्रयत्न केला, मी केला. बांगडी चढेना. मग माझ्या नवऱ्यानंच कळंबला गाडी जोडून पाठवली. मामी येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. ओठावर वण होता.

अंगण भरलेलं होतं. पोलीस पाटील बाजेवर बसला होता, धाकटीचा बाप वाशीहून येऊन भिंतीला टेकला होता. दीर खांबाशी होता. मामी धाकटीजवळ बसली. तो मोडका हात तिनं मांडीवर घेतला, अंगठा आत दुमडला, हाडं चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली. मग मान वर केली. दिराकडं बघितलं नाही, सासूबाईंकडं नाही. माझ्याकडं बघितलं.

"थोरले, वाढल्या का फोडल्या?"

धाकटीच्या बापानं डोकं वर उचललं. पाटलाच्या हातातली विडी तशीच राहिली. एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर प्रेत हललं नसतं, कळंबहून फौजदार आला असता. मला माझी मुलं दिसली. ते जळकं लाकूड दिसलं.

मी म्हणाले, "वाढल्या."

मामीनं मान हलवली. खाली बघून एकेक बांगडी त्या वाकड्या मनगटावरून इतकी हळू चढवली, जशी जिवंत माणसाला दुखू नये म्हणून चढवतात. एकही वाढली नाही. सासूबाईंनी सुपात ज्वारी आणली. मामीनं सुपाकडं बघितलं नाही. उठली, फडका झटकला आणि निघून गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

दिराचं पुढच्या माघात दुसरं लग्न झालं. तो अजून आहे, नातवंडं खेळवतो. सासूबाई गेल्या. माझा नवराही गेला. त्याच्या वेळी माझ्या बांगड्या दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचल्या, आणि तेव्हा कुणी वाढल्या म्हणालं नाही. मी आता धाराशिवला मुलाकडं असते. मोकळे हात घेऊन मी मागच्या हिवाळ्यात कळंबला गेले. मामीला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. उशीर झाला होता, हे मला ठाऊक होतं. पण एवढा झाला असेल असं वाटलं नव्हतं.

मणेर गल्लीतल्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बूढी नळदुर्गाला लेकीकडं गेली, तिथंच वारली. काय काम होतं?"

"त्यांनी एक विचारलं होतं. सांगायचं राहिलं."

"तिला समदे इचारायचे. तिनं कुणाला काय इचारलं?" ती हसली. मग म्हणाली, "लई खुळी होती. धंदा बंद केला तरी बाजारच्या दिवशी दुपारी ठेशनावर जाऊन लिंबाखाली उभी ऱ्हायची. वाशीची गाडी सुटंपर्यंत. ऊन ना पाऊस. आमी म्हणायचो, मामी, कोण येणाराय? तर म्हणायची, कुणी गाडी इचारलीच, तर सांगाया माणूस नको?"

तो बाजाराचाच दिवस होता. मी ठेशनावर गेले. लिंब कुणालाही विचारावा लागला नाही, फाटकातून आत पाऊल टाकलं की समोरच होता. वाशीची गाडी लागली, भरली, निघाली. मी धुरळा खाली बसेपर्यंत उभी राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, "फोडल्या."

लिंबाच्या बुंध्याशी एक बाई शेंगा विकत बसली होती. तिनं वर बघितलं.

"काय फोडल्या, बाई?"

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि सांगायला सुरुवात केली.