दारामागचा कोट

चामराजपेटेत एका जागी पाच मिनिटं न बसलेला एकच माणूस असेल, आणि माझं नशीब असं की नेमका तोच माझा घरमालक निघाला. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. धंदा शिंप्याचा, तोही फक्त कोटांचा. खाली दुकान, दुकानामागे त्यांचं घर आणि वर पुण्याहून नोकरीला आलेली मी. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता अण्णा मध्येच कन्नडमध्ये शिरत आणि आपण शिरलोय हे त्यांना कळतही नसे. मी खोली बघायला आले तेव्हा ते जिन्यावर वर-खाली करत माहिती देत होते. नळाला पाणी कधी येतं ते मला वरच्या पायरीवर कळलं आणि गेट कधी बंद होतं ते खालच्या. उप्पिट उभ्याने खायचे. समोरच्या हॉटेलात बाय-टू कॉफी सांगायचे, म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे पेले, आणि आपला अर्धा घेऊन हॉटेल ते दुकान अशा फेऱ्या मारत संपवायचे. मशीनवर तेवढे बसायचे, कारण तिथे पाय हलवायची अधिकृत सोय होती. माप घेताना गिऱ्हाईकाभोवती इतक्या प्रदक्षिणा घालायचे की एका नवरदेवाला घेरी आली होती, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, शपथेवर सांगतात.

पण त्या वर्षीच्या फेऱ्या वेगळ्या होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी शुभा घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला, मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहत होती. अण्णांनी पसंत केलेल्या स्थळाला ती नको म्हणाली. अण्णा म्हणाले, "मग या घरात तरी कशाला राहतेस?" ती म्हणाली, "बरं." एवढंच भांडण, पण पाच महिने बाप-लेक एकमेकांशी बोलले नव्हते. आईला तिचा रोज फोन यायचा. तेव्हा अण्णा शेजारच्या खोलीत रिकामी कात्री वाजवत उभे राहायचे. अक्का म्हणायच्या, "बोलायचंय तर या की इकडे." येतील तर ते अण्णा कसले. कापड एकदा कापलं की कापलं, असं म्हणून ते तिसऱ्याच खोलीत जायचे. मुलीची खबर त्यांना एकाच जागी मिळायची, तिने फोनवर ठेवलेल्या स्टेटसमध्ये. कधी झाडाचा फोटो, कधी डोशाचा. डोसा दिसला की जेवतेय म्हणून बरं वाटायचं आणि बाहेरचं खातेय म्हणून वाईटही.

एके सकाळी तिने एक इंग्रजी गाणं ठेवलं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्या दिवसांत ते गाणं कुठल्याही कॅफेत जा, कोपऱ्यात कण्हत असायचं. मी ऑफिसला निघत होते, तर अण्णा फोन हातात धरून जिना चढून आले. "स्वल्प अर्थ सांगा हो बाई. अर्थ सांगायचंच काम करता नव्हे तुम्ही?" मी सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिते. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते मी सांगू शकते, मोडक्या काळजाचं मला कोणी कधी विचारलेलं नाही. तरी ऐकलं आणि सांगितलं: गाण्यातल्या बाईला सोडून कोणी तरी गेलंय, त्याचा कोट अजून दारामागे टांगलेला आहे, तिला तो काढवत नाही, आणि तो न्यायला तू आलास तर मी दार उघडेन की नाही ते मलाही माहीत नाही, असं ती म्हणतेय.

कोट हा एक शब्द अण्णांना आधीच कळला होता. "शिवला कुणी?" त्यांनी विचारलं.

"गाण्यात शिंपी नाहीये, अण्णा."

"कोट आहे म्हणजे शिंपी आहे," ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले.

संध्याकाळपर्यंत त्यांचा अर्थ तयार होता. शुभाला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिला एक जांभळट कोट शिवून दिला होता, आणि घर सोडताना तिने तो नेला होता, अक्कांनी बघितलं होतं. तेव्हा दारामागचा कोट तोच. मी म्हटलं, अहो, गाण्यातली बाई म्हणतेय 'तुझा कोट'. शुभाचा कोट तर शुभाचाच झाला ना. अण्णांना माझी कीव आली. "गिऱ्हाईक नुसतं घालतं, बाई. कोट शिवणाऱ्याचा. लग्नात कोणी विचारलं, हा कोट कुणाचा, तर लोक शिंप्याचं नाव सांगतात. नवऱ्याचं नाव सांगतात काय?" मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, अण्णा, ते प्रेमाचं गाणं आहे. ते थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मग मी काय दुश्मनीनं शिवला होता?"



चोवीस तासांनी स्टेटस पुसलं गेलं, पण तोवर अण्णांनी माझ्याकडून ते गाणं स्वतःच्या फोनवर घेतलं होतं. मग त्या गाण्याची वरात निघाली. दाताच्या डॉक्टरकडे गेले तर तोंड उघडायच्या आधी फोन उघडला. समोरचा हॉटेलवाला ऐकून म्हणाला, ही काही दार उघडायची नाही, तर अण्णांनी दोन दिवस त्याची कॉफी सोडली. स्वतःच्या अर्थावरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता. "ही कच्ची शिलाई," म्हणायचे. कोट आधी पांढऱ्या दोऱ्याने नुसता जोडतात, अंगावर घालून बघतात आणि मगच पक्का शिवतात. "ट्रायल झाल्याशिवाय मशीन मारायची नसते." ट्रायल म्हणजे सर्जापूर रोडला जाणं. तीन रविवार ते इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन निघाले, स्टॉपवर दोन-तीन बस सोडल्या आणि मार्केटातून कोथिंबीर घेऊन परत आले. आमच्याकडे वड्या झाल्या, चटण्या झाल्या, शेजारीपाजारी कोथिंबीर वाटून झाली.

चौथ्या रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, तुमचा अर्थ चूक की बरोबर, देव जाणे. पण तुम्ही असे झुरताय ते मला बघवत नाही, आणि आता कोथिंबीरही खाववत नाही. चला."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. दोन बस बदलून गेलो. जागा असून दोन्हींत ते उभेच होते.

तिच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने फ्लॅटचा नंबर विचारला आणि फोन उचलून म्हणाला, "कौन आया है बोलूँ?" अण्णांनी तोंड उघडलं. बाप हा शब्द काही बाहेर पडेना. "टेलर," ते म्हणाले. वॉचमनने तसंच सांगितलं, ऐकलं आणि विचारलं, "मॅडम पूछ रही हैं, कौन सा टेलर?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "कोटवाला," ते म्हणाले. वॉचमनने फोन ठेवला. "रुकने को बोला है."

ती पाच मिनिटं अण्णा गेटच्या खांबाला टेकून निश्चल उभे होते. वर्षभर मी म्हणत आले होते की या माणसाने एकदा तरी स्वस्थ उभं राहावं. राहिले, तर मला ते बघवेना. मीच गेटपुढे येरझारा घालू लागले.

शुभा घरातल्या चपलांवर खाली आली. हातावर तो जांभळट कोट. कसे आहात नाही, का आलात नाही. "अण्णा, याचं बटण तुटलंय," ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा पुसला आणि कोट हातात घेतला. मी जवळच होते. बटणाच्या जागी दोऱ्याची टोकं सरळ, एकसारखी उभी होती. तुटलेला दोरा असा नसतो. हे बटण आत्ताच, वरून खाली येण्याआधी कात्रीने कापलेलं होतं. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, तरी मला दिसलं. चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या माणसाला दिसलं नसेल? त्यांनी त्या टोकांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला.

"दोरा कच्चा लागला होता," ते म्हणाले. "चूक माझी."

शुभाने मूठ उघडून बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं. अण्णांनी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसले. ती शेजारी बसली. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, जेवलीस काय? ती म्हणाली, अजून नाही. त्या एका बटणाला अर्धा तास लागला आणि अण्णा एकदाही उठले नाहीत.

पुढे शुभा दर रविवारी घरी येऊ लागली, तेव्हा एकदा मी तिला विचारलं, ते गाणं नक्की कुणासाठी ठेवलं होतंस? ती विचारात पडली. "कुठलं? ते होय. चाल आवडली म्हणून ठेवलं गं. शब्द कुठे ऐकले मी." अण्णांना मी हे सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही. आता मी ती खोली सोडली आहे. गाणंही जुनं झालंय, क्वचित एखाद्या दुकानात लागतं. पुण्याला माझे बाबा माझं प्रत्येक स्टेटस सगळ्यांच्या आधी बघतात. त्यांना दुसरा उद्योग नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.