लातूरहून आलेलं ॲप

लातूरच्या मैत्रिणीची आणि माझी ओळख आवाजानं झाली. मी नांदेडच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, ती लातूरच्या. ट्रंक कॉलच्या काळात लाइन लागेपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात आम्ही बोलायचो. तिचं लग्न ठरलं ते तिच्या मावसबहिणींच्या आधी मला कळलं. माझी मुलगी टायफॉइडनं आजारी होती, तेव्हा ती ड्यूटीवर आल्या आल्या नांदेड लावायची आणि विचारायची, "ताप उतरला का गं?" प्रत्यक्ष भेट व्हायला दोन-तीन वर्षं गेली. भेटलो तर ती माझ्या खांद्याएवढी निघाली. आवाज मात्र उंच बाईचा होता.

नोकरी संपली आणि काही वर्षांनी माझे यजमान गेले. शेवटचे काही आठवडे ते नांदेडातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात होते. तिथं बसून बसून माझ्या लक्षात आलं, देगलूरकडून, इस्लापूरकडून माणसं येतात आणि बावरून जातात. रक्त कुठं तपासायचं, एक्स-रे कुठं काढायचा, काही कळत नाही. काहींना तर तेलुगूशिवाय बोलताच येत नाही. माझं माहेर देगलूरचं, त्यामुळे मला तेलुगू येते. यजमान गेल्यावरही मी तिथं जात राहिले. घरात बसवत नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

हळूहळू आणखी माणसं आली. गणिताचे निवृत्त मास्तर, शिवणक्लास चालवणारी एक बाई, आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी. ज्याच्याजवळ कुणी नाही अशा पेशंटपाशी बसायचं, नातेवाइकांना वाट दाखवायची, एवढंच आमचं काम. कोण कधी येणार हे मी सकाळी फोन करून ठरवायचे. याच ट्रस्टचा लातूरलाही दवाखाना आहे. तिथं तूही जा म्हणून मैत्रिणीच्या मीच मागे लागले. ती हुशार. दोन वर्षांत ट्रस्टनं तिला दोन्ही दवाखान्यांतल्या स्वयंसेवकांची प्रमुख केलं. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी गल्लीत पेढे वाटले.

मग ती ॲप घेऊन नांदेडला आली. माझ्याकडेच उतरली. प्रत्येकानं आपलं नाव, फोन, कोणकोणती कामं जमतील ते त्यात भरायचं. मग ॲप आपोआप ड्यूटी लावणार. दवाखान्याच्या बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळे जमलो. मास्तर काही तयार होईनात.

"बाई, सेवेला हजेरी कशाला?" ते म्हणाले.

"सर, ही माझी आयुष्यभराची मैत्रीण आहे," मी म्हणाले. "तिनं आणलंय म्हणजे विचार करूनच आणलं असेल. माझा शब्द धरा."

मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांचं सगळं मीच भरून दिलं.

खरं सांगायचं तर मला ते ॲप आवडलं. माझे सकाळचे फोन थांबले. मास्तर लग्नाला गावी गेले की त्यांची जागा रिकामी दिसायची आणि कुणीतरी आपणहून नाव टाकायचं. कुणी विसरू नये म्हणून आदल्या संध्याकाळी घंटी वाजायची.

काही महिन्यांनी त्यात नवी कामं दिसायला लागली. जेवणाची ताटं पोचवणं, चादरी बदलणं, व्हीलचेअर एक्स-रेला नेणं, ज्यांना स्वतः खाता येत नाही त्यांना भरवणं. मी मैत्रिणीला फोनवर विचारलं, "ही तर वॉर्डातल्या मावश्यांची कामं आहेत ना गं?"

"अगं, त्यांना तेवढाच हातभार. बिचाऱ्या किती पळून राहिल्यात."

मी हेच सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी हौसेनं केलं. शिवणक्लासवाली तर चादरीचे कोपरे असे काही दुमडायची की सिस्टर कौतुक करायच्या.

बायकांच्या वॉर्डात अर्धापूरची एक मावशी होती. यजमान आजारी होते तेव्हा ती पुरुषांच्या वॉर्डात असायची. त्यांना घास उतरत नसे, तेव्हा चमच्या-चमच्यानं पेज पाजणारी हीच. त्यांची आंघोळ, कपडे, सगळं तिनं केलं, आणि कधी नाक मुरडलं नाही. एका सकाळी ती मला गेटबाहेर दिसली. अंगावर दवाखान्याची साडी नव्हती, हातात पिशवी होती.

"मावशी, आज सुट्टी?"

"न्हाई. कायमचीच."

"का? काय झालं?"

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "का म्हून मलाच विचारता व्हय, बाई? माझं काम तुमीच करून राहिल्या की. ठेकेदार म्हणला, आता फुकटात माणसं येऊन राहिलीत, तुमी घरी जावा. आमी चौघी निघालो." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "करा तुमी काम. पर मला आधी सांगायचं तरी. साहेबांचं इतकं केलं म्या."

तिला वाटत होतं, मला हे माहीत आहे.

मी तशीच ऑफिसात गेले. तिथला तरुण मॅनेजर चांगला मुलगा आहे, त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही.

"काकू, ॲप घेतलंच त्यासाठी. स्वयंसेवक भरवशानं यायला लागले की कंत्राटी बायका कमी करायच्या. लातूरला तर आधीच झालं. तिथल्या मॅडमचीच कल्पना होती ती." माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी मी लातूरची बस धरली. अहमदपूरला बस थांबली, सगळे चहाला उतरले, मी जागची हलले नाही. मनात मी तिच्या वतीनं उत्तरं तयार करत होते. तिलाही कुणी फसवलं असेल. तिला वरून सांगितलं असेल.

तिनं दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, कळवायचं तरी! भाकरी टाकू का?"

मी उभ्या उभ्याच विचारलं. तिनं आधी पदरानं हात पुसले, मग खुर्चीवर बसली.

"ट्रस्टला खर्च झेपेना," ती म्हणाली. "लहान मुलांचा वॉर्ड बंद करायला निघाले होते. मी मार्ग काढून दिला."

"मग हे मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुझी माणसं तू ॲपमध्ये आणली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "नांदेडला माझं कोण ऐकतंय? तू शब्द टाकला की लोक ऐकतात. मला तेवढंच पाहिजे होतं."

ती हे अगदी शांतपणे बोलली. वॉर्ड वाचला हे खरं असेल, मी ते नाकारत नाही. पण लातूरच्या मावश्यांना काढलं, त्या दिवसांतही आम्ही दर रविवारी बोलत होतो. नातवाचे दात, लोणच्याचा मसाला, गुडघेदुखी, सगळं बोलत होतो. तेव्हा माझा शब्द कशासाठी वापरायचा हे तिचं ठरलेलं होतं. मी पाणीसुद्धा न पिता निघाले. ती दारापर्यंत आली. "बस गं जरा," म्हणाली. मी मागे पाहिलं नाही.

नांदेडला मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून सांगितलं. मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दावर घेतलं होतं, तुमच्याच शब्दावर काढतो," आणि फोन पुढे केला. शिवणक्लासवाली मात्र चिडली. "पेशंटनी काय घोडं मारलंय? त्यांना ताट कोण देणार?" तिचंही चुकीचं नव्हतं. ती आणि आणखी काही जणी तशाच राहिल्या.

आम्ही सहा-सात जण मॅनेजरकडे गेलो. पेशंटपाशी बसू, वाट दाखवू, पण मावश्यांची कामं करणार नाही, असं सांगितलं. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये माझ्या नावापुढे 'निष्क्रिय' असं आलं. गेटवरच्या वॉचमननं माझा फोन बघितला आणि मान खाली घातली.

"काकू, ॲपवर हिरवं आलं तरच सोडायचं म्हणून सांगितलंय."

"अरे, मला ओळखत नाहीस का तू?"

"ओळखतो की. म्हणून तर लाज वाटून राहिली."

पुढं स्वयंसेवक कमी झाले, तेव्हा दवाखान्यानं दोघी मावश्यांना परत घेतलं. त्यात अर्धापूरची नव्हती. मी आता सरकारी दवाखान्यात जाते. तिथं काही भरून घेत नाहीत, कुणी कधी आलं-गेलं तरी चालतं. मैत्रिणीचे सुरुवातीला फोन येत होते, मी घेतले नाहीत. आता येत नाहीत. रविवारी संध्याकाळी मला अजूनही कसंतरी होतं.

गेल्या महिन्यात मी अर्धापूरला गेले. मावशी केळीच्या पॅकिंगच्या शेडवर कामाला आहे. हौदात फण्या धुवत उभी होती, कोपरापर्यंत हात ओले. तिनं क्रेट उलटा करून मला बसायला दिला, पोराबाळांची चौकशी केली.

"मावशी," मी म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं. मला ते त्या दिवशीच बोलायचं होतं, पण मी तडक ऑफिसात गेले."

तिनं हातातली फणी निथळून बाजूला ठेवली.

"हाव," मान हलवत म्हणाली.

तिचा विश्वास बसला की ती नुसतं माझं मन राखत होती, मला कळलं नाही. मुकादमानं हाक मारली तशी ती वळली आणि पुढची फणी हौदात सोडली.