विद्यापीठाला दिलेला धवला

भिवंडीजवळच्या आमच्या कोन गावात लग्न ठरलं की भटजीच्या आधी आमच्या घरी निरोप यायचा. माझ्या सासूबाई, बायजाबाई, गावच्या धवलारीण. धवले म्हणजे आम्हा आगऱ्यांची लग्नाची गाणी. ती म्हणायला धवलारीण बसली की मगच नवरीला हळद लागते. भटजीला उशीर झाला तर चालतं, धवलारीण नसली तर मांडव अडतो. म्हातारीला त्याचा तोरा काय विचारू नका! घरात इकडचा तांब्या तिकडे करायची नाही, मी नुसती धुसफुसायची. पण गायला लागली की माझाही राग जिरायचा, खोटं कशाला बोलू?

शहात्तर साली शेजारच्या लडकूभावजींची आनंदी भिवंडीच्या कॉलेजात जात होती. आमच्या गावची कॉलेजात गेलेली पहिलीच पोरगी. संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन म्हातारीला सांगायची, "आजी, विद्यापीठ काय नुसत्या परीक्षा घ्यायला न्हाय. ते आता गावागावात येतंय. तुझी गानी त्यांना जपून ठेवायची हायेत."

आणि खरंच, एक दिवस ती मुंबईच्या प्राध्यापकबाईंना घेऊन आली. बाई साध्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी टेपरेकॉर्डर ओटीवर ठेवला आणि म्हातारीच्या पाया पडल्या.

म्हातारी म्हणाली, "नवरीबिगर धवला म्हनू नये, बाय. रिकाम्या पाटाला गायलं तर ते कुनाला तरी बाधतं."

"मग नका म्हणू," मी म्हटलं. पण तिची नजर त्या मशीनवरून हलेना. आपला गळा मुंबईला जाणार, शिकलेली माणसं ऐकणार! कुणाला मोह होणार नाही?

तेवढ्यात आनंदी म्हणाली, "मी बसते पाटावर. नायतरी वैशाखात बसायचंच हाय." तिचं अंजूरला ठरलं होतं. लग्नानंतर शिकू देऊ, असं मुलाकडचे म्हणाले होते.

म्हातारीने तिला पाटावर बसवलं, हळदीचं बोट लावलं आणि धवला सुरू केला. धवल्यात एका जागी नवरीचं नाव येतं, पुढच्या ओळीत नवऱ्याचं. आनंदीचं नाव घेतलं आणि म्हातारी अडखळली. अंजूरच्या मुलाचं नाव घेतलं तर लग्न आत्ताच लागेल, म्हणून तिने ती ओळच गाळली. पोरीचं भलं बघून गाळली हो! बाई खूश होऊन गेल्या.

गावाचं तोंड कोण धरणार? आठवड्याच्या आत अंजूरचा मध्यस्थ दारात. "पोरीला बिननवऱ्याची हळद लागली. धवल्यात नवराच न्हाय, म्हंजे त्याचं आयुष्यच न्हाय. आमाला आमचा पोरगा जड झाला नाय." लग्न मोडलं. मेल्यांनो, तुमच्या तोंडात माती पडो, असं मी भिंतीआडून म्हटलं. पण मोडलं ते मोडलंच.

लडकूभावजींनी आनंदीचं कॉलेज बंद केलं. "कालेजापायी झालं सगळं," एवढंच बोलायचे. पोरगी दिवसभर परसात भांडी घासायची, आमच्या ओटीकडे मान वर करून बघायची नाही. म्हातारीच्या गळ्याखाली घास उतरेना. "मीच गाळलं गं, मीच," असं ती चुलीकडे बघून पुटपुटायची. मला तिची एवढी दया आली की तांब्याबिंब्याचं सगळं विसरले.

एका सकाळी ती ताडकन उठली आणि लडकूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

"लडकू, चूक माझी. पोरीला कशाला डांबलीस?"

"मंग काय करू, आत्या? आता हिच्याशी लगीन कोन करनार? कालेज करनार?"

"करंल!" म्हातारी कडाडली. "धवला माझा, ववी माझी. गाळलेलं नाव भरायचा हक पन माझाच." आणि तिथेच, भर अंगणात, तिने तो धवला पुन्हा उचलला. आनंदीचं नाव घेतलं, आणि पुढच्या ओळीत, जिथे नवरा यायचा तिथे, विद्यापीठ घातलं. आजूबाजूच्या बाया खिदळायला लागल्या. म्हातारीच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पण सूर हलला नाही. "घे. लागलं लगीन. लग्न झालेली पोर बापाच्या घरी किती दिस ठेवतोस? सासरी धाड."

लडकूभावजी आधी हसले, मग खांबाला टेकून लहान पोरासारखे रडले. धवलारणीचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. सोमवारी आनंदी कॉलेजला गेली.

त्यानंतर म्हातारी एकाही लग्नात गायली नाही. लोक विनवायचे, ती म्हणायची, "माझा गळा आता शुभ न्हाय."

एकोणऐंशीत आनंदी बी. ए. झाली. शाळेत नोकरीही लागली. मधल्या काळात तिला बघायला मात्र कुणी आलं नाही. पेढे घेऊन ती आधी आमच्याकडे आली. "आजी, तुझ्यामुळं," म्हणाली आणि पाया पडली.

म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. ती गेल्यावर मला म्हणाली, "मी पोरीचं लगीन लावलं गं, पन संसाराला मानूस न्हाय दिलं."

तिने पेढा खाल्ला असेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी लुगडं धुवायला घेतलं, तर तो पदराच्या गाठीत तसाच होता.