बोरीच्या दोन फांद्या

झाडाला कोयता लावायची मला भारी हौस. माझं माहेर वडशाकडचं, धानाच्या मुलखातलं. घरामागे बोरी होत्या आणि वडील दर वैशाखात त्या पार बोडक्या करत. बोरं धरतात ती नव्या फुटव्यावर, जुनं लाकूड ठेवून काय त्याची पूजा करायची आहे, असं म्हणत. आम्हा बहिणींत मी एकटीच हे काम शिकले आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा आहे.

फाल्गुनात लग्न होऊन मी अहेरीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या गावात आले. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. सासरच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, एक मोठी बोर होती. वैशाख लागला आणि सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना म्हणाल्या, "बोर मी आल्यावर छाटू." मी मान हलवली आणि चौथ्या दिवशी शिडी लावली. सून किती गुणाची आहे, हे त्यांनी आल्यावर चारचौघींत सांगावं, एवढीच माझी हाव.

वरच्या दोन फांद्या मला किळसवाण्या वाटल्या. काड्यांवर लालसर, खरबरीत थर चढलेला, त्यावर पांढरे तंतू. मधूनमधून अंबाडीच्या दोऱ्या बांधलेल्या होत्या. गाठ आपोआप बसत नाही, कुणीतरी मारलेली असते, हे मला दिसत होतं. तरी खाली उतरून कुणाला विचारलं नाही. रोगट म्हणून दोन्ही फांद्या बुडापासून तोडल्या. बाकीची काटेरी छाटणी कुंपणाला लावली आणि या दोन तेवढ्या पेटवल्या.

धुराचा वास ओळखून शेजारची गोंड बाई आली. साठीची, एकटी राहणारी.

"हे काऊन जाळून राह्यली, बाई?"

"कीड लागली होती."

ती आगीजवळ उकिडवी बसली. एक जळकी काडी तिने बाहेर ओढली. तिच्यातून लाल थेंब गळत होता.

"कीडच होय," ती म्हणाली. "माह्या मायच्या घरची."

तो लालसर थर लाखेचा होता. लाख मला ठाऊक होती ती बाजारात मिळणारी. झाडावर ती किड्यांपासून होते, हे कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर या बाईने माहेराहून तिचं बी आणलं होतं, म्हणजे लाखेच्या जिवंत काड्या. कार्तिकात त्या फांदीला बांधायच्या, आषाढात लाख उतरवायची, बियापुरत्या काड्या राखून पुन्हा बांधायच्या. इतकी वर्षं तिने ते बी तुटू दिलं नव्हतं. तिची स्वतःची बोर पडली तेव्हा सासूबाईंनी आमच्या झाडाच्या दोन फांद्या तिला दिल्या होत्या.

"दुसरं बी आणता येईल ना?" मी विचारलं.

"मायच्या घरी आता कोणी नाई."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सासूबाई आल्या. छाटणी बघून खूश झाल्या, मग वर बघत म्हणाल्या, "बाईच्या दोन फांद्या कुठी गेल्या?"

"वाऱ्यात मोडल्या," मी म्हटलं. ती बाई तिथेच ओट्यावर बसली होती.

"हो बाई," ती सासूबाईंना म्हणाली. "मोठा वारा आला होता."

तिने मला वाचवलं आणि मी वाचवून घेतलं. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी छाटणीच्या तोंडावर कोयत्याची मूठ ढिली झाली. सासूबाई म्हणाल्या, "बाईकडून लाखेनं बसवून आण." नाही म्हणायला मला कारण सापडेना. गेले. तिने कोपऱ्यातलं लाखेचं मडकं पुढे ओढलं, तळाशी हात घालून उरलेला बोराएवढा खडा काढला. तो कुटून मुठीच्या भोकात भरला, कोयत्याचं शेपूट निखाऱ्यावर तापवून आत खुपसलं आणि निवेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरलं. मी समोर बसून होते. आता तरी माफी मागावी, असं दहादा ओठांवर आलं.

"आता नाई निघत," असं म्हणत तिने कोयता माझ्या हातात दिला. मग ते मडकं उचललं आणि भिंतीशी पालथं घातलं.

मी "बरं" म्हटलं आणि घरी आले.