परत आलेले खलाशी

हे मी आजवर कुणापुढेच बोललो नाही. आईपुढे नाही, बायकोपुढेही नाही. आणि बोलण्यासारखं तरी काय होतं? कुणाला मारलं नाही, कुणाला लुबाडलं नाही. इंटरनेटवरच्या एका लेखाखाली ‘तपासले’ असं लिहिलं, एवढंच. पण ते का लिहिलं — तिथं आलो की जीभ अडते.

मुळशी धरणाच्या कडेला आमचं गाव. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. नोकरीसाठी पुण्याजवळ जांब्यात खोली घेतली आणि सुटीच्या दिवशी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात फुकट लिहायला लागलो. चक्रीवादळांवर लिहिणारे आम्ही पाच-सहा जण होतो. वादळ कुठे तयार झालं, किनाऱ्याला कुठे लागलं, नुकसान किती — आणि प्रत्येक वाक्याला बातमीचा नाहीतर सरकारी अहवालाचा संदर्भ. हे सगळं मला अण्णांनी शिकवलं. अण्णा पुण्यातले निवृत्त शिक्षक, आमच्यात सर्वांत जुने. माझं शुद्धलेखनसुद्धा त्यांनी फोनवर बसून सुधारलं, कधी कंटाळले नाहीत. हे उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हाही विसरलो नव्हतो — हेच तर सांगायचंय.

एका जूनमध्ये वादळ कोकणातून घाट चढून आमच्याकडे आलं. माझे चुलते, नाना, गोठ्याचा पत्रा धरायला गेले आणि त्याच पत्र्याखाली गेले. रस्ते बंद, वीज नाही. कुठल्याच पेपरात ओळ आली नाही. दहाव्याला चुलती म्हणाली, “साऱ्या जगाचं लिवतुयास मोबाईलवर. आपल्या माणसाचं कुटं हाय त्यात?”

मी त्या वादळाच्या लेखात नानांचं लिहिलं. एकच वाक्य. अण्णांनी ते काढलं आणि चर्चेच्या पानावर, सगळ्यांदेखत लिहिलं, “हा ज्ञानकोश आहे, चावडीवरचा फळा नव्हे. घरच्या सुतकाची नोंद इथे नको.” खाली दोघांनी हसरे चेहरे टाकले.

नियम त्यांचाच बरोबर होता. संदर्भ नव्हता, दुसऱ्याचं वाक्य असतं तर मीही काढलं असतं. पण सुतक? आणि हसरे चेहरे? मी “समजलं, अण्णा” एवढंच उत्तर दिलं — आणि त्या दिवसापासून त्यांच्या चुकीची वाट बघायला लागलो. खोटं कशाला सांगू, ती वाट बघणं मला आवडायला लागलं. त्यांचं लिहिलेलं मी जेवताना वाचायचो. भाकरीला ठेचा लागतो तसं.

पुढं त्यांनी दुसऱ्या एका वादळावर मोठा लेख लिहिला. लेख मुखपृष्ठावर जायचा तर आमच्यात एक रीत आहे : ज्यानं त्यात एक अक्षरही लिहिलेलं नाही, अशा माणसानं प्रत्येक संदर्भ उघडून बघायचा आणि खाली ‘तपासले’ लिहायचं. अण्णांचा फोन आला. “तूच बघ रे. बाकीचे वरवर चाळतात. घाई नाही, सावकाश बघ.”

बघितलं. मृतांमध्ये एका मच्छीमार बोटीवरचे खलाशी धरले होते. अण्णांनी दिलेल्या बातमीत ते फक्त बेपत्ता होते. मी पुढच्या दिवसांच्या बातम्या शोधल्या. बोट भरकटून भलत्याच बंदराला लागली होती, सगळे सुखरूप. फोटोही होता — धक्क्यावर बसून चहा पिताना. एकजण कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मी ‘तपासले’ लिहिलं.

लेख मुखपृष्ठावर झळकला. अण्णांचं कौतुक सुरू झालं. ती माणसं तिथं मेलेलीच राहिली आणि मी राहू दिली — कौतुक पुरेसं साठेपर्यंत. मग चर्चेच्या पानावर तो चहाचा फोटो लावला. खाली लिहिलं, “अण्णा, जिवंत माणसं मारायला कोणता संदर्भ वापरलात?” हे वाक्य मी कितीतरी दिवस घासूनपुसून ठेवलं होतं.

हसरे चेहरे आले. तेच दोघे! लेख उतरवला गेला. कुणी त्यांचे जुने लेख उकरायला घेतले, कुणी वयाचा विषय काढला. मी एकेक ओळ वाचत होतो. जिवाला गार वाटत होतं.

एकानं मात्र मला विचारलं, “पण तपासणारा तूच ना?” मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात अण्णांनी लिहिलं, “चूक माझी. मीच त्याच्यामागे घाई लावली, नीट बघायला वेळ दिला नाही. त्याला बोलू नका.”

तुम्हाला वाटेल, तिथं मी विरघळलो. नाही. मला संताप आला — ज्याच्यावर सूड घ्यायचा, त्याचे आणखी उपकार कसले? घाई नव्हती, मला सगळं माहीत होतं, एवढी एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, “धन्यवाद, अण्णा.”

त्यानंतर त्यांनी तिथं एक शब्दही लिहिलेला नाही. आणि माझं ते “धन्यवाद” वाचून बाकीचे म्हणाले, पोरगं मोठ्या मनाचं आहे. मी म्हणू दिलं.